येशूच्या नावाने चालणारा जादूटोणाही जादूटोणाच

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजारी माणसासाठी प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती सभांविषयी आपल्या शहरात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, हात ठेवून प्रार्थना करणारा किंवा देवाचा संदेश सांगणारा जो कोणी असेल तो भोंदूच, आणि त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला की प्रश्न मिटला. दुसरे मत आमच्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये, अधिक ऐकू येते. ते असे की, येशूचे नाव घेऊन जे केले जाते ते आपोआप पवित्र ठरते, आणि त्याबद्दल प्रश्न विचारणे हा पवित्र आत्म्याचा अपमान आहे. मी नागपुरातील एका मंडळीची सभासद आहे. नोकरीची सगळी वर्षे मी रुग्णालयात परिचारिका म्हणून काढली. कृपादाने, म्हणजे आजाऱ्यांना बरे करणे, देवाचा संदेश सांगणे अशी पवित्र आत्म्याची दाने, आजही दिली जातात यावर माझा विश्वास आहे आणि आजाऱ्यांसाठी मी स्वतः प्रार्थना करते. पवित्र शास्त्र मन लावून वाचणाऱ्याला या दोन्ही मतांपैकी एकही मानता येणार नाही, आणि त्यांतले दुसरे अधिक घातक आहे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे सविस्तर मांडण्यासाठी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जागा द्यावी, ही विनंती.

जादूटोण्याबद्दल पवित्र शास्त्राने कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात चेटूक करणारा, शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, वशीकरण करणारा, मृतांशी संवाद साधणारा अशा सर्वांची नावे घेऊन असा कोणी तुमच्यात नसावा, असे बजावले आहे. ही यादी पुष्कळांना पाठ असते. तिच्या लगेच पुढे काय येते याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. पुढे देव सांगतो की, मी तुमच्या भाऊबंदांतून एक संदेष्टा उभा करीन आणि माझी वचने त्याच्या मुखी घालीन. म्हणजे देव स्वतः बोलणारा आहे, आणि जे त्याने सांगितलेले नाही ते त्याच्याकडून किंवा दुसऱ्या कोणाकडून हिसकावून घेण्याची धडपड हाच जादूटोण्याचा गाभा आहे. शौल राजाची गोष्ट याचीच साक्ष देते. ज्याने देशातून भूतविद्या करणाऱ्यांना हाकलून लावले होते तोच राजा, देव उत्तर देत नाही असे पाहून, वेश पालटून रात्रीच्या वेळी एंदोर गावच्या भूतविद्या करणाऱ्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिला. देव गप्प असताना धीर धरणे कठीण असते, हे रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात रात्र काढणाऱ्या प्रत्येक आईला माहीत आहे, आणि नेमक्या त्या घटकेलाच एंदोरची वाट जवळची वाटू लागते.

ही वाट आता केवळ मांत्रिकाच्या किंवा भगताच्या घराकडे जात नाही, ती प्रार्थनेच्या खोलीतूनही जाते, हे मला सांगायचे आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात वयात आलेल्या मुलीला फिट्स येत होत्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि त्या नियमित घेतल्या जात होत्या तोवर मुलीची शाळाही नीट चालू होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिची आई एका घरगुती प्रार्थना सभेला गेली. तिथे सभा चालवणाऱ्याने डोळे मिटून, मोठ्या आवाजात, देव मला दाखवत आहे असे म्हणून सांगितले की, तुमच्याच अंगणातल्या, तुमच्याच नात्यातल्या एका बाईने करणी केली आहे. अंगण एकच, नात्यातली बाई एकच. ती म्हणजे त्या माउलीची जाऊ. त्यानंतर त्या आईला अभिषेकाचे तेल देण्यात आले आणि गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास, असेही सांगण्यात आले.

ती बाटली मी हातात घेऊन पाहिली आहे. पांढऱ्या झाकणाची लहानशी प्लास्टिकची बाटली, आत वासावरूनच ओळखू येणारे साधे खोबरेल तेल, वर चिकटवलेल्या कागदावर क्रूसाचे चित्र आणि कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेली किंमत. गोळ्यांची अर्धी वापरलेली पट्टी शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली ठेवून दिलेली होती. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर झटके एकामागून एक येत राहतात आणि त्यात जीव जाऊ शकतो, ही गोष्ट कोणत्याही परिचारिकेला शिकाऊ असतानाच सांगितली जाते. त्या मुलीला मध्यरात्री मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागले. देवाच्या दयेने ती वाचली. दोन्ही घरांत मिळून पाण्याचा नळ मात्र एकच होता, आणि आजही त्या दोघी जावा एका वेळी नळावर येत नाहीत.

त्या सभेत येशूचे नाव वारंवार घेतले गेले असणार, यात मला शंका नाही. पण येशूचे नाव घेतले म्हणून ते कृत्य ख्रिस्ती ठरते का? नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात याचे उत्तर आहे. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुते काढण्याचा उद्योग करीत. प्रेषित पौलाच्या हातून होणारी कामे पाहून त्यांनी आपल्या मंत्रांत एक नवे नाव घातले, आणि पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याची शपथ मी तुला घालतो, असे ते म्हणू लागले. त्या दुष्टात्म्याने त्यांना विचारले की, येशूला मी ओळखतो, पौल कोण तेही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि तो माणूस त्यांच्यावर असा तुटून पडला की ते उघडेनागडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव बरोबर होते. पण ते नाव त्यांच्या दृष्टीने एक मंत्र होते, बोलताच काम होणारा. मंत्र बदलल्याने मांत्रिक बदलत नाही. ज्याच्या नावाने बोलायचे त्याच्या अधीन होण्याची तयारी नसेल, तर त्या नावाचा उच्चार हा चेटकाचाच एक प्रकार होतो.

त्याच अध्यायात पुढे जे लिहिले आहे ते मला आमच्या मंडळ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वाटते. या घटनेनंतर इफिसमधले अनेक लोक पुढे आले, त्यांनी आपली कृत्ये कबूल केली, आणि जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांच्या देखत जाळली. त्यांची किंमत चांदीची पन्नास हजार नाणी भरली, असे या पुस्तकाचा लेखक लूक नोंदवतो. आपली कृत्ये सांगायला पुढे आलेले हे लोक विश्वास ठेवलेले होते, म्हणजे तोवर ते उपासनेला येत होते आणि घरी पुस्तकेही जपून ठेवत होते. विश्वास आणि करणी एकाच छपराखाली नांदू शकतात, हे पहिल्या शतकातल्या मंडळीने उघडपणे मान्य केले. आम्ही मात्र ते बाहेरच्यांचे दुखणे समजतो. शिवाय ती पुस्तके विकता आली असती, त्या पैशांतून मंडळीचे एखादे चांगले कामही झाले असते. पण त्यांनी ती विकली नाहीत.

पैशाचा विषय निघाला आहे तर शोमरोनातल्या शिमोनाबद्दल लिहिलेच पाहिजे. कारण जादूटोणा आणि कृपादान यांच्यातली सीमारेषा पवित्र शास्त्रात त्याच्या गोष्टीइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. हा शिमोन आपल्या जादूने गावाला थक्क करीत असे आणि लहानांपासून थोरांपर्यंत सर्व जण त्याला देवाची महान शक्ती म्हणत. सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाचा उपदेश ऐकून त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला, आणि तो फिलिप्पाच्या सोबत राहू लागला. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर तो मंडळीच्या वहीत नाव असलेला सभासद होता. पुढे येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान आले, त्यांनी हात ठेवल्यावर लोकांना पवित्र आत्मा मिळतो हे त्याने पाहिले, आणि तो पैसे घेऊन त्यांच्यापुढे गेला. त्याने काय मागितले ते नीट वाचण्यासारखे आहे. मला पवित्र आत्मा द्या, असे तो म्हणाला नाही. मी ज्याच्यावर हात ठेवीन त्याला आत्मा मिळावा, हा अधिकार मला द्या, असे तो म्हणाला. त्याला देव नको होता, देवावरचा ताबा हवा होता. पेत्राने त्याला फटकारले, तुझ्या पैशाचा तुझ्याबरोबर नाश होवो, कारण देवाचे दान पैशाने विकत घेता येते असे तुला वाटले.

शिमोनाने देऊ केलेले पैसे पेत्राने घेतले असते तर काय झाले असते, याचा विचार अभिषेकाचे तेल विकणाऱ्यांनी करावा. नामान या सेनापतीचा कोड बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाने त्याच्याकडून काहीही घ्यायला नकार दिला. त्याचा चाकर गेहजी मात्र नामानाच्या मागे धावत गेला, खोटे बोलून त्याने रुपे आणि कपडे मिळवले, आणि तोच कोड गेहजीला जडला. येशूने शिष्यांना पाठवताना, आजाऱ्यांना बरे करा असे सांगितले त्याच दमात, तुम्हाला फुकट मिळाले आहे, फुकट द्या, असेही सांगितले. मंडळीचा खर्च चालवण्यासाठी सभासद देतात ते अर्पण वेगळे. बरे होण्याच्या आशेची किंमत लावणे वेगळे. हा फरक न कळण्याइतके आपले लोक भोळे नाहीत, पण दुखणे घरात असले की माणूस वाद घालत नाही.

माझ्याच मंडळीतला एक युक्तिवाद मला ठाऊक आहे. तो असा की, त्या सेवकाने सांगितलेल्या गोष्टी खऱ्या निघतात, मग ते देवाकडून नाही असे कसे म्हणता? याचेही उत्तर पवित्र शास्त्र देते, आणि ते उत्तर पुष्कळांना धक्का देणारे आहे. फिलिप्पै शहरात अंगात भविष्य सांगणारा आत्मा असलेली एक दासी पौलाच्या मागे ओरडत फिरत असे. ती काय ओरडत होती? हे लोक परात्पर देवाचे दास आहेत, तुम्हाला तारणाचा मार्ग सांगत आहेत. तिचा एक शब्दही खोटा नव्हता. आपल्या सेवेची फुकट जाहिरात होते आहे म्हणून पौल ते चालू देऊ शकला असता. त्याने तो आत्मा काढून टाकला. तिच्या बोलण्यावर तिचे धनी कमाई करत होते. कमाईची आशा संपली हे पाहताच त्यांनी पौल आणि सीला यांना ओढत बाजारात अधिकाऱ्यांपुढे नेले, त्यांना छड्या बसल्या आणि तुरुंगात टाकण्यात आले. ती मुलगी मात्र मोकळी झाली, याचे त्या धन्यांना काहीच नव्हते. भाकीत खरे निघाले एवढ्यावरून ते देवाचे ठरत नाही. अनुवादाच्या १३व्या अध्यायात तर असे स्पष्ट सांगितले आहे की, एखाद्याने सांगितलेली खूण किंवा चमत्कार घडूनही आला, तरी तो तुम्हाला परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नका.

मग कृपादान ओळखायचे कसे? करिंथ येथल्या मंडळीत ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, आरोग्य देण्याची दाने, चमत्कार, संदेश, आत्म्यांची पारख, निरनिराळ्या भाषा आणि त्यांचा अर्थ सांगणे ही सगळी दाने होती, आणि गोंधळही तितकाच होता. पौलाने त्या दानांना नाकारले नाही, त्यांना शिस्त लावली. एक आत्माच आपल्या इच्छेप्रमाणे ती वाटून देतो, म्हणजे ती कोणाच्या मालकीची नाहीत. ती सर्वांच्या हितासाठी दिली जातात. सर्वांनाच बरे करण्याचे दान असते काय, असे तो विचारतो, म्हणजे ज्याच्या प्रार्थनेने कोणी बरा झाला नाही तो कमी विश्वासू ठरत नाही. संदेश दोघांनी किंवा तिघांनी सांगावा आणि इतरांनी त्याची पारख करावी. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणून आत्मा आला आणि माझ्या तोंडून निघून गेले, मला आवरले नाही, ही सबब पौलापुढे चालणारी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संदेश कशासाठी असतो हेही तो करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगतो: उन्नतीसाठी, उत्तेजनासाठी आणि सांत्वनासाठी. तुझ्या जावेने करणी केली, हे वाक्य या तिघांपैकी कशात बसते?

कृपादाने प्रेषितांच्या काळानंतर थांबली असे मानणारे बंधुभगिनीही आमच्यात आहेत. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, पण या पत्राचा तो विषय नाही. कारण दाने चालू आहेत असे मानणाऱ्यावरच पारख करण्याची जबाबदारी अधिक येते. आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, ही दोन्ही वाक्ये थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाठोपाठ येतात.

शेजाऱ्यावर बोट ठेवण्याबद्दल अधिक लिहिणे मला भाग आहे, कारण विदर्भात हा प्रकार जिवावर बेततो. ऑगस्ट २०२१मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. तिथे ख्रिस्ती सभेचा काही संबंध नव्हता. पण संशयाचे पहिले वाक्य कोणीतरी उच्चारते आणि मगच दोर आणला जातो. ते पहिले वाक्य जर प्रार्थनेत, देवाच्या नावाने उच्चारले गेले तर त्याला उलट प्रश्न विचारण्याची कोणाची छाती होणार? चर्चच्या इतिहासात याची फार काळी पाने आहेत. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातले चेटकिणीला जिवंत ठेवू नये हे वाक्य हाती धरून पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान युरोपात चाळीस ते पन्नास हजार माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२मध्ये १९ जणांना फाशी दिले गेले. तिथे न्यायालयाने कोणता पुरावा मानला? त्रास होणाऱ्या मुलींनी सांगितले की अमुक बाईची छाया आम्हाला दिसते, आणि ती छाया हाच पुरावा झाला. देव मला दाखवत आहे, असे म्हणून जावेचे नाव सुचवणाऱ्या माणसाचा पुरावा यापेक्षा वेगळा नाही.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअल यांनी १६९७मध्ये, उपासाच्या दिवशी, भरल्या चर्चमध्ये उभे राहून आपला दोष जाहीरपणे स्वीकारला. त्यांचे निवेदन धर्मगुरूने वाचून दाखवले आणि ते संपेपर्यंत ते सर्वांसमोर उभे राहिले. ज्या कोणी त्या अंगणातल्या दोन घरांत भांडण लावले त्यानेही त्या जावेच्या दारी जाऊन, आणि तिच्याबद्दल जिथे बोलले गेले त्याच सभेत उभे राहून, तिची क्षमा मागावी, अशी माझी अपेक्षा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल देहाची कर्मे सांगतो तेव्हा मूर्तिपूजा आणि चेटके यांच्या लगेच मागोमाग वैर, कलह, मत्सर यांची नावे घेतो. त्याने ती शेजारी शेजारी का मांडली असावीत, हे आमच्या वस्त्यांत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता आजाराचा प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात, आगीत आणि पाण्यात पडणाऱ्या, तोंडाला फेस येणाऱ्या मुलाला येशूने दुष्टात्म्यापासून सोडवले, हा उतारा दाखवून फिट्स म्हणजे भूतबाधाच, असे सांगितले जाते. ज्यांनी हा उतारा माझ्यासमोर ठेवला त्यांना मी मत्तयाच्या ४थ्या अध्यायाचे २४वे वचन वाचायला सांगते, जिथे येशूकडे आणलेल्या लोकांत भूतग्रस्त आणि फेफरेकरी यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही प्रत्येक झटका भुताचा वाटत नव्हता. आणि मार्कातला तो प्रसंग पुन्हा वाचताना येशू काय करतो ते पाहावे. तो बापाला विचारतो, याला असे होऊन किती दिवस झाले? हा प्रश्न दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा विचारतो तोच आहे. कोणी केले, असे तो विचारत नाही. लोकांची गर्दी धावून येते आहे हे पाहताच तो काम उरकतो, गर्दी जमेपर्यंत थांबत नाही. विश्वास अपुरा आहे असे रडत कबूल करणाऱ्या बापाला तो परत पाठवत नाही. शेवटी मुलाचा हात धरून त्याला उठवतो, आणि लूक सांगतो त्याप्रमाणे बापाच्या स्वाधीन करतो. पैसे नाहीत, तेल नाही, दोषी शेजारी नाही. गरसेकरांच्या प्रदेशातल्या थडग्यांत राहणाऱ्या माणसाच्या गोष्टीतही साखळ्या आणि बेड्या गावाने घातल्या होत्या; येशूने त्या माणसाला कपड्यांत, शुद्धीवर आणले आणि आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, असे सांगितले. भूत काढायच्या नावाखाली मुलीबाळींना बांधून ठेवणाऱ्यांनी आपण या गोष्टीत कोणाच्या बाजूला उभे आहोत ते ठरवावे.

औषध घेणे म्हणजे अविश्वास, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो तो लूक त्याच्या प्रवासात सोबत होता. तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या पोटाच्या दुखण्यावर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्रफिमाला आजारी असल्यामुळे मिलेतात ठेवून आलो, असेही लिहितो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले त्या पौलाने आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जावे, आणि ते लपवूही नये, यात मला फार मोठा दिलासा वाटतो. स्वतःच्या देहातला काटा काढण्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे, एवढे उत्तर मिळाले. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे आहे. तिथे आजारी माणूस बोलावतो आणि वडील त्याच्या घरी जातात. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, रांग नाही. जन्मांध माणसाला पाहून, कोणी पाप केले, याने की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही नाकारले. दहा कुष्ठरोग्यांना त्याने, जाऊन याजकांना दाखवा, असे सांगितले. नियमशास्त्राप्रमाणे तपासणी करण्याचे काम तेव्हा याजकांकडे होते. जो खरोखर बरा झाला आहे त्याला तपासणीची भीती का वाटावी? माझ्या नोकरीच्या काळात डॉक्टरांनी आशा सोडलेले रुग्ण उठून घरी गेलेले मी पाहिले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना झाली होती हेही मला ठाऊक आहे, आणि त्यांचे कागद आम्ही लपवले नाहीत.

मराठी ख्रिस्ती माणसाला कृपादानांचे उदाहरण शोधायला परदेशी प्रचारकांकडे जाण्याची गरज नाही. १९०५मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जे आत्मिक जागरण झाले त्यात मुली रडत, पापांची कबुली देत तासन् तास प्रार्थना करू लागल्या, काही जणी तर त्यांनी न शिकलेल्या भाषांत प्रार्थना करू लागल्या. हे सदन स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई त्या वेळी तिथेच होत्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यासाठी पुढची वर्षे वेचणारी ही बाई भोळसट होती असे कोणी म्हणणार नाही. तिने त्या जागरणाला दडपले नाही आणि त्याचा बाजारही मांडला नाही. दुष्काळातून वाचवलेल्या त्या मुली प्रार्थनेनंतर विणकामाला, छापखान्यात, शाळेत, स्वयंपाकघरात जात होत्या, आणि त्यांतल्या अनेक जणी आसपासच्या गावांत सेवेला गेल्या. विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांना जग अपशकुनी म्हणत होते. केडगावच्या आत्मिक जागरणाने त्यांच्यापैकी एकीवरही बोट ठेवले नाही. ज्या बायकांवर करणीचा आळ सर्वांत आधी येतो, त्याच बायकांना तिथे आत्म्याची दाने मिळाली.

पहिल्या टोकाच्या मताबद्दल थोडेच लिहिते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. या कायद्याने देवाला किंवा प्रार्थनेला हात लावलेला नाही. घरात, मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये होणारी जी उपासना कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान करीत नाही, ती त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे; एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे आणि तिचे जगणे कठीण करणे; साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेण्यापासून रोखणे, हे गुन्हे आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातल्या एकाही गोष्टीला पवित्र शास्त्राचा आधार नाही. मग आमच्यातल्या काहींना हा कायदा आपल्यावर आलेले संकट का वाटतो, हे मला समजत नाही. आणि जे मित्र प्रत्येक प्रार्थनेला भोंदूगिरी म्हणतात त्यांनी मेयो किंवा मेडिकलच्या वॉर्डात रात्री एखाद्या बेवारस रुग्णाच्या उशाशी बसून, कोणाकडून काहीही न घेता प्रार्थना करणाऱ्या आणि त्याला पाणी पाजणाऱ्या माणसांना एकदा भेटावे.

नागपुरातल्या सर्व पाळकांना आणि वडीलमंडळांना माझी विनंती आहे की, आपल्या देखरेखीखाली होणाऱ्या घरगुती सभांतही संदेश सांगणाऱ्याच्या बोलण्याची पारख करायला दोघे-तिघे जबाबदार सभासद हजर ठेवावेत, कोणत्याही माणसावर करणीचा आळ घेणारा किंवा तसे सुचवणारा संदेश तिथल्या तिथे थांबवावा, तेलाला किंमत लावू देऊ नये, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याला घरी जाताना डॉक्टरांची औषधे चालू ठेवण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. फिट्स, मानसिक आजार यांच्या बाबतीत सभासदांना प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात सोबत घेऊन जाणारे कोणी मंडळीत असेल तर तीही सेवाच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातल्या दानांच्या यादीत साहाय्य करणारे हेही एक दान आहे, आणि त्याचे नाव आरोग्य देणाऱ्या दानाच्या लगेच नंतर येते.

आपल्यालाही एक विनंती. चंगाई सभा, बाधा निवारण, हमखास गुण अशा जाहिराती वर्तमानपत्रांत आणि त्यांच्यासोबत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत येतात, त्या सर्वच धर्मांच्या नावाने येतात. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला, आणि ज्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात त्याखाली करता येत नाही त्यांत फेफरे आणि कर्करोग ही नावे आहेत. अशी जाहिरात आली तर ती छापण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाने हा कायदा पाहावा, आणि ती जाहिरात क्रूसाचे चित्र लावून आली असेल तरीही पाहावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
सदर, नागपूर

(संबंधित कुटुंबाची ओळख उघड होऊ नये यासाठी माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)